सत्तरच्या खाली

"सगळं वजन परत आलं म्हणे कल्पनाचं. आणि म्हणूनच ती दर गुरुवारी पहाटे तोंडाला रुमाल बांधून मिरचीच्या पथारीवर जाते, आणि तिथे जाऊन ती..."

एवढं संगीता बोलली आणि चक्कीवाल्याने पट्टा चढवला. घरघर सुरू! संगीताचे ओठ हलत होते, हातही हलत होते. एकदा तिने पोटाकडे बोट केलं, एकदा आभाळाकडे केलं. मी मान डोलावत राहिले, पण शब्द एक कळला नाही. माझी ज्वारी दळून होईपर्यंत ती डबा उचलून निघूनही गेली होती. पुढचे दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

आमची गल्ली बारा घरांची. नंदुरबारच्या टोकाला आहे, त्यापुढे शेतं आणि मिरच्या वाळवायच्या मोकळ्या जागा, म्हणजे पथाऱ्या. एका घरात कुकरची शिट्टी झाली की बाकीची अकरा घरं डाळ शिजली का म्हणून विचारतात. अशा ठिकाणी किस्से शोधत फिरावं लागत नाही. रोज सकाळी केरासोबत ते दारात येऊन पडतातच. मी फक्त झाडू जरा हळू मारते.

आणि गेली दोन वर्षं आमच्या गल्लीत सगळ्यात जास्त किस्से एकाच घरातून आले. माझ्या भिंतीला भिंत लागून असलेल्या कल्पनाच्या.

कल्पना रनाळ्याच्या शाळेत मास्तरीण आहे. रोज एसटीने जाते-येते. पूर्वी तिचं वजन एकशे आठ होतं. एसटीच्या पायरीवर चढायला दोन्ही हातांनी दांडा धरून ओढून घ्यावं लागायचं, आणि मागचे लोक घड्याळ बघायचे. मग गुडघा गेला. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. कल्पनाने दोन वर्षं मागून घेतली आणि चालून, मोजून खाऊन, रडून, भांडून वजन आणलं सदुसष्टवर. एक्केचाळीस किलो! आमच्या घरातलं गहू भरायचं पिंपसुद्धा एवढं नाही.

डॉक्टर गुडघ्याचा एक्स-रे बघून म्हणाले, "ताई, सत्तरच्या खाली राहिलात तर गुडघा तुमचा. वर गेलात की माझा."

म्हणजे उतरवण्याचं काम संपलं आणि खरं काम सुरू झालं. पण हे तिला एकटीलाच माहीत होतं. आम्हा बाकीच्यांना वाटलं, सुटली बाई एकदाची.

*

वाटणारच. त्या संक्रांतीला महिला मंडळाने हळदीकुंकवात तिचा सत्कार केला. शाल, नारळ आणि एक किलो पेढे! वजन कमी केल्याबद्दल पेढे. कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. पेढे मीच निवडून आणले होते.

अध्यक्षबाई भाषणात म्हणाल्या की कल्पनाताईंनी गल्लीचं नाव मोठं केलं. मग कल्पना उठली. तिला बोलायची सवय आहे, रोज चाळीस पोरांपुढे बोलते.

ती म्हणाली, "वजन उतरवत होते तेव्हा तुम्ही सगळ्या माझ्या बाजूने होतात. आता उतरलं, तर सगळ्या ताट घेऊन उभ्या आहात. मला आता जास्त मदत लागणार आहे."

टाळ्या पडल्या. डोळेही पुसले गेले. आणि टाळ्या थांबल्याबरोबर एकेक बाई उठून तिच्या तोंडाशी तिळाचा लाडू घेऊन गेली. संक्रांतीला गोड नाकारायचं नसतं ना! मी मोजले, अकरा लाडू. कल्पना प्रत्येकीला हसून म्हणायची, "घरी जाऊन खाते," आणि लाडू पदरात.

दुसऱ्या दिवशी रनाळ्याच्या शाळेत पहिलीच्या वर्गाला संक्रांत पुन्हा आली.

*

उन्हाळ्यात आमच्याकडे बिबडे होतात. बाहेरच्यांना सांगायचं तर ज्वारीच्या शिजवलेल्या पिठाचे पापड. मोठ्या पातेल्यात ते पीठ रटरटतं, त्याला आम्ही घाटा म्हणतो. आणि खरं सांगते, बिबडे हे निमित्त. आम्ही जमतो त्या गरम घाट्यासाठी. वाटीत घाटा, वरून कच्चं तेल, तिखट. पापड थापेपर्यंत निम्मं पातेलं पोटात गेलेलं असतं.

संगीताच्या गच्चीवर आम्ही आठ जणी होतो. कल्पना आली ती तोंडाला ओढणी गच्च बांधून. आमच्याकडे मिरच्या खुडणाऱ्या बायका बांधतात तशी, फक्त डोळे उघडे. नाही म्हटलं तर कोणी ऐकत नाही, म्हणून तिने तोंडच बंद करून आणलं होतं. हुशार की नाही?

संगीताने वाटी पुढे केली. कल्पनाने मान हलवली. संगीताने विचारलं, काय झालं? कल्पनाला खरं बोलायचं नव्हतं, भांडण झालं असतं. ओढणीतून म्हणाली, "खोकला आहे."

झालं! खोकला म्हटल्यावर आमची गल्ली काय करणार? दुपारी चार वाजेपर्यंत तिच्या घरी तीन तांबे गूळ घातलेला काढा, एक बरणी तुपातली हळद आणि सुंठ-डिंकाच्या लाडवांचे दोन डबे पोचले होते. एक डबा माझा होता. दूधही पाठवणार होते, पण ते नासलं.

कल्पनाने एकही लाडू खाल्ला नाही. टाकलेही नाहीत, अन्न आहे. तिचे मिस्टर दिलीपभाऊ पंचायत समितीत आहेत, शांत माणूस, पुढे केलं ते खातात. महिन्याभराने मी कल्पनाला शिंप्याकडून दोन पँटी घेऊन येताना पाहिलं. मला वाटलं, चला, अजून बारीक झाली, आत घ्यायला दिल्या असतील.

सैल करून आणल्या होत्या. दिलीपभाऊंच्या.

*

मग म्हसावदहून तिचे बन्सीमामा आले. केळीवाले. त्यांनी भाचीला दोन वर्षांत पाहिलेलं नव्हतं. खांद्यावर केळीचा अख्खा घड घेऊन फाटकाशी उभे राहिले. कल्पना अंगणात कपडे वाळत घालत होती. मामा तिलाच म्हणाले, "बाई, कल्पना घर मा शे का?"

कल्पना हसली. तेव्हा मामांनी आवाज ओळखला. घड खाली ठेवला, पायरीवर बसले आणि डोळ्यांना टॉवेल लावला.

"कितली वाळी गयी व माय तू. काय दुखस तुले?"

काही दुखत नाही, मुद्दाम कमी केलं, असं तिने चारदा सांगितलं. मामांचा विश्वास बसेना. मुद्दाम कोण असं करतं? ज्यांच्या शेतातली केळी फुगली नाहीत तर रात्रभर झोप येत नाही, त्या माणसाला वाळणं कौतुकाचं कसं वाटणार? त्यांनी ठरवलं की जावई सांगत नाही पण पोरगी आजारी आहे. आणि आठ दिवस मुक्काम ठोकला.

रोज सकाळी दोन केळी दुधात कुस्करून तिच्यापुढे. आई नाही तिला, मामांनीच लग्न लावलं. मामांच्या हातचं नाही कसं म्हणणार? कल्पना मुकाट खायची. मग म्हणायची, "मामा, चला, थोडं फिरून येऊ." तिचं थोडं म्हणजे बायपासपर्यंत जाऊन परत, पाच किलोमीटर. मामा भाचीला एकटं सोडत नसत, चक्कर येऊन पडली तर? ते मागून धोतर सावरत पळायचे. संध्याकाळी पुन्हा तेच. आणि जेवायला कल्पनाच्या हातची बिनतेलाची भाजी.

आठव्या दिवशी मामा निघाले. मी निरोप द्यायला भिंतीशी होतेच. मामांचं धोतर कमरेवर राहत नव्हतं, त्यांनी वरून पट्टा बांधला होता. मला म्हणाले, "हाई पोर मना जीव लेती. मी वाळी गऊ."

कल्पना दीड किलोने वाढली होती. मामा तेवढेच उतरले असावेत. घरातलं एकूण वजन जसंच्या तसं!

*

श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. कानबाईचा नियम कडक. घरातल्या जितक्या पुरुषांची नावं, तितक्या मुठी गहू मोजायचे, त्या गव्हाचे रोट करायचे. आणि ते रोट फक्त आपल्या भाऊबंदकीने खायचे. बाहेरच्याला द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत, पुनवेच्या आत संपवायचे.

कल्पनाच्या सासूबाई, त्यांना आम्ही सगळे जिजी म्हणतो, गहू मोजण्यात पक्क्या. पुण्याचा धाकटा मुलगा, त्याची दोन पोरं, सुरतचा मधला, त्याचा एक, सगळ्यांच्या मुठी पडल्या. रोट झाले. आणि दोघांचेही फोन आले, सुट्टी मिळत नाही.

घरात उरले तीन. जिजींना दात नाहीत. दिलीपभाऊंचं पोट दुसऱ्या दिवशी बिघडलं. राहिली कल्पना आणि टोपलीभर रोट. त्यावर पुरण, तूप, खीर.

मी भिंतीवरून बघत होते. वास असा येत होता की सांगू नका. मी आनंदाने मदत केली असती, पण माझं आडनाव वेगळं.

कल्पनाने जिजींना सांगितलं की डॉक्टरांनी सत्तरची रेघ मारली आहे, मी अडुसष्टच्या वर आलेय. जिजी शांतपणे म्हणाल्या, "कानबाईना रोट खाईसन कोनं वजन वाढस का?"

देवीपुढे काय बोलणार? कल्पनाने तो दिवस खाल्लं. तिसऱ्या दिवशी सकाळीही बसली. अर्धा रोट झाला आणि तिचा हात थांबला. ताटाकडे बघत राहिली. मग मास्तरणीच्या आवाजात विचारलं, "जिजी, भाऊबंदकीने खायचे म्हणजे किती पिढ्यांपर्यंतची भाऊबंदकी?"

जिजी म्हणाल्या, कुळ एक असलं की झालं.

कल्पनाने हात धुतला आणि रनाळ्याला फोन लावला. निम्मं रनाळं तर तिच्या सासरच्या पाटलांचंच भाऊबंद! तासाभरात पाच मोटारसायकली आमच्या गल्लीत शिरल्या. नऊ पाटील! सगळ्यांनी कानबाईला नमस्कार केला, ओळीने मांडी घातली आणि पंधरा मिनिटांत टोपलीचा तळ दिसला. जाताना तूप संपलं का म्हणून एकाने विचारलंसुद्धा.

मला वाटलं आता जिजी चिडणार. पण त्या रिकामी टोपली बघून फार समाधानाने म्हणाल्या, "मंग पुढला साल त्यासन्या बी मुठा मोजसूत."

कल्पना भिंतीला टेकून खालीच बसली.

*

नवरात्राच्या आधी कल्पना माझ्याकडे आली. चहा नको म्हणाली. खुर्चीत बसली आणि म्हणाली, "भाभी, गल्लीत कोण कोणाकडे काय घेऊन जातं ते तुम्हाला सगळं दिसतं. मग माझ्या दारावर लक्ष ठेवा ना. काही गोड-तळलेलं आलं तर परस्पर परत पाठवा. मला समोर आलं की नाही म्हणता येत नाही, हे आता मला कळलंय."

मला काय वाटलं सांगू! पन्नास वर्षं लोकांनी ह्याच सवयीवरून नावं ठेवली. सासूने ठेवली, नवऱ्याने ठेवली, माझ्या मुलीने तर सासरी जाताना ठेवली. आणि आज कोणीतरी मला त्याच सवयीची नेमणूक देत होतं.

मी भिंतीशी स्टूल टाकलं. झाकलेलं ताट दिसलं की मी फाटकात. संगीता भरीत-पुरी घेऊन आली, परत. कोपऱ्यावरच्या काकू शेवभाजी घेऊन आल्या, परत. पण अडचण अशी की काही बायका म्हणायच्या, ह्यात तेल नाहीच, साखर नाहीच, कल्पनासाठी वेगळं केलंय. आता हे खरं की खोटं कसं ठरवायचं? चाखावंच लागणार. आणि एका घासाने तेल कळत नाही.

पंधरा दिवस मी इमानदारीने पहारा केला. सोळाव्या दिवशी माझ्या ब्लाउजची हुकं लागेनात.

कल्पनाच्या नजरेतून काही सुटत नाही. मला म्हणाली, "भाभी, फक्त बघायचं ठरलं होतं. माझ्या वाट्याचं तुम्ही का अंगावर घेताय?"

आणि ह्याच पहाऱ्यात मी आणखी एक गोष्ट पाहिली. सकाळी सव्वानऊची एसटी आमच्या कोपऱ्यावर थांबते. एका सोमवारी कल्पना पायरीशी गेली, उजवा पाय वर ठेवला आणि थांबली. मग दोन्ही हातांनी दांडा धरला आणि स्वतःला ओढून घेतलं. पूर्वीसारखं.

हे मी कोणालाच सांगितलं नाही. मला ओळखणाऱ्यांना कळेल, हे माझ्यासाठी केवढं मोठं आहे.

*

तर आता चक्कीवरची ती अर्धी बातमी. सगळं वजन परत आलं आणि ती पथारीवर जाऊन काहीतरी करते. काय करते? गल्लीत तीन मतं होती. एक म्हणालं, सातपुड्यातला कोणी वैदू तिथे जडीबुटी देतो. दुसरं म्हणालं, गुरुवारचं काही व्रत आहे. तिसरं म्हणालं, घाम यावा म्हणून ती मिरच्या खुडायला बसते.

मी ठरवलं, स्वतः बघायचं. गुरुवारी पहाटे स्वेटर, मफलर, तोंडाला रुमाल, आणि कल्पनाच्या मागे पन्नास पावलं.

थंडीत पथारी कधी पाहिलीत का? नजर जाईल तिथपर्यंत लाल. दव पडलेलं, त्यावर ऊन येऊ घातलेलं, आणि मधे बायका ओळीने बसून देठं खुडतायत. बघायला सुंदर, पण श्वास घेऊ नये. कल्पना सरळ शेडकडे गेली. तिथे पोती मोजायचा मोठा काटा आहे, लाल आकडे दिसणारा. मापाडी दगाआप्पा, तीस वर्षं मिरची मोजतायत, प्रत्येक पोत्याचा आकडा खणखणीत आवाजात पुकारतात. मी पोत्यांच्या थप्पीमागे लपले.

आणि मला शिंक आली. एक नाही. सात!

कल्पना वळूनही न बघता म्हणाली, "या भाभी. पुढे या, तिथे ठसका जास्त लागतो."

मग तिनेच सांगितलं. घरचा वजनकाटा तिने देऊन टाकला होता, कारण ती दिवसातून दहादा त्यावर उभी राहायची आणि दहादा रडायची. मेडिकलच्या दुकानातलं यंत्र मोठ्याने बोलतं, आणि दुकानात नेमकं कोणीतरी ओळखीचं असतं. इथे आप्पा सकाळपासून पन्नास-साठ आकडे पुकारतात, त्यात तिचा एक. कोणी मान वर करत नाही. आठ गुरुवार ती येत होती आणि आठही गुरुवार आकडा सत्तरच्या आतच निघाला होता. पण एसटीची पायरी मात्र जड होत चालली होती, आणि हे गणित तिला सुटत नव्हतं. येत्या सोमवारी डॉक्टरांकडे जायचं होतं. गुडघा कोणाचा, ते त्या दिवशी ठरणार.

ती काट्यावर चढली. आप्पांनी मान तिरकी करून पाहिलं आणि पुकारलं, "एकोणसत्तर नऊशे!"

कल्पनाने डोळे मिटून श्वास सोडला.

आता माझं काय चुकलं सांगा. माझे डोळे समोर असेल ते वाचतातच. लाल आकडे सत्तर नऊशे दाखवत होते. मी म्हटलं, "आप्पा, सत्तर नऊशे आहे की."

आप्पा म्हणाले, "हो ना. एक बारदानाचं वजा."

बारदान म्हणजे रिकामं पोतं. तीस वर्षं प्रत्येक पोत्यामागे एक किलो बारदान वजा करून पुकारायची त्यांची सवय. काट्यावर काय उभं आहे ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं, फक्त आकडा पाहिला होता!

कल्पनाने डोळे उघडले. आठ गुरुवारांत एक-एक किलो मिळवत गेली असणार मनात. काट्यावरून उतरायचंही तिला सुचेना. तिथेच उभी राहून रडायला लागली, आवाज न करता. मला वाटलं, धरणीने मला पोटात घ्यावं. कोणी विचारलं होतं का मला आकडा?

बायका देठं खुडायच्या थांबल्या. आप्पा बिचारे हातातली पेन्सिल कानाला लावतायत, काढतायत. शेवटी म्हणाले, "ताई, ओला माल मी काट्यावर घेत नाही. वाळल्यावर या."

कल्पना रडता रडता हसली. पदराने तोंड पुसायला गेली, आणि तिचा हात शालीवर थांबला. स्वतःकडे खालपर्यंत बघितलं. मग खाली उतरली. शाल काढली. स्वेटर काढला. बूट काढले, मोजे काढले. पर्समधून पाण्याची बाटली आणि मोबाइल बाहेर पडला, मग पर्सही खाली ठेवली. हे सगळं माझ्या दोन्ही हातांवर दिलं आणि थंडगार काट्यावर अनवाणी चढली.

आकडे थरथरले. मिरच्या खुडणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या होत्या. मी ह्या वेळी डोळे गच्च मिटून घेतले. शपथेवर सांगते, मिटले.

"एकोणसत्तर शंभर," आप्पांनी सांगितलं. ह्या वेळी पुकारलं नाही, साध्या आवाजात सांगितलं. "ह्यात काही वजा नाही, ताई."

म्हणजे परत आलंच होतं, संगीता खोटं बोलली नव्हती. पण एक्केचाळीसातलं दोन!

आप्पांनी माझ्या हातातला ढीग घेतला, काट्यावर ठेवला, आणि त्यांचा चेहरा बदलला. "बारदान एक किलो आठशे निघालं. मी आठ आठवडे एकच कापत होतो. माल जास्तीचा मोजला गेला तुमचा."

कल्पना बूट घालत होती, नाडी बांधता बांधता तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या वर्गातल्या पोरांकडे बघत असेल तसं.

"भाभी, आता तुम्ही."

मी म्हटलं, मला शिंका येतायत, मला घरी दूध तापवायचंय, माझ्या अंगावर मफलर आहे. पण दोन बायकांनी मला हाताला धरून काट्यावर चढवलंसुद्धा. आप्पांनी मान तिरकी केली, छाती भरून श्वास घेतला आणि पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात पुकारलं,

"शहाऐंशी चारशे! बारदान वजा नाही!"